तीन घाव, एक वही

न्यूयॉर्क शहरात, ईस्ट रिव्हरच्या काठाला, क्वीन्सबरो पुलाला लागून क्वीन्सब्रिज नावाची सरकारी वसाहत आहे. १९३९ साली ती उभी राहिली. सहा मजली विटांच्या इमारतींच्या रांगाच रांगा आणि तीन हजारांहून अधिक घरं. अमेरिकेत एवढी मोठी सार्वजनिक गृहवसाहत दुसरी नाही. बांधताना खर्च वाचावा म्हणून लिफ्ट एक मजला सोडून एक अशी थांबवली. ज्यांची घरं मधल्या मजल्यांवर, त्यांनी बाजारहाटाच्या पिशव्या, कडेवरचं मूल आणि दुखरे गुडघे सांभाळत उरलेला जिना चढायचा. गरिबांसाठी घरं बांधताना हात कुठे आखडला जातो, ते अशा बारीक गोष्टींत दिसतं.

या वसाहतीत वाढलेल्या एका मुलाची ही गोष्ट. त्याचं नाव नासिर जोन्स. जग त्याला नाझ म्हणून ओळखतं. रॅप संगीतात तीस वर्षांहून अधिक काळ पाय रोवून उभ्या असलेल्या मोजक्या लोकांत तो आहे. त्याच्या आयुष्यात तीन मोठे घाव बसले. एक घरात, एक गल्लीत आणि एक भर चौकात, सगळ्या जगासमोर. तिन्ही वेळा उट्टं काढायची वाट त्याच्यापुढे मोकळी होती. तिन्ही वेळा त्याने वही उघडली.

नासिरचा जन्म १४ सप्टेंबर १९७३ चा, ब्रुकलिनमधला. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, ११ ऑगस्टला, ब्राँक्समध्ये सेज्विक ॲव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने एक पार्टी ठेवली होती. शाळा सुरू व्हायच्या आत नव्या कपड्यांपुरते पैसे जमवायचे, एवढाच तिचा हेतू. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ होता, डीजे कूल हर्क. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा तेवढा पकडायचा आणि दोन टर्नटेबलांवर तोच पुन्हा पुन्हा वाजवून नाचणाऱ्यांना थांबूच द्यायचं नाही, ही त्याची करामत. त्या तालावर पुढे बोलणाऱ्यांचे शब्द चढले आणि हिप-हॉप नावाची कला उभी राहिली. ती पार्टी या कलेचा वाढदिवस मानली जाते. म्हणजे ही कला आणि हा मुलगा एकाच वयाचे, आणि दोघंही अशा घरांतले की जिथे पैशाची कायम ओढाताण.

नासिर लहान असतानाच जोन्स कुटुंब क्वीन्सब्रिजला राहायला आलं. वडील ऑलू दारा हे मिसिसिपी राज्यातल्या नॅचेझ गावचे. कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखं वाद्य वाजवायचे; जॅझ आणि ब्लूज दोन्हींत त्यांची ऊठबस. आई फॅनी ॲन टपाल खात्यात नोकरी करायची. घरात नासिर आणि धाकटा जबारी, ज्याला सगळे ‘जंगल’ म्हणत. घर भाड्याचं असलं तरी त्यात पुस्तकांची फडताळं होती, वाद्यं होती, रेकॉर्डच्या चळती होत्या. पोराने मिसरूड फुटायच्या कितीतरी आधी वडिलांचं पाहून तोंडाला ट्रम्पेट लावून पाहिलं. वडील परदेशचा दौरा करून घरी आले तेव्हाचा त्याचा एक फोटो आहे. वय वर्षं सात, केस कुरळे, नजर थेट कॅमेऱ्याकडे, चेहऱ्यावर हसू नाही. हा फोटो पुढे जगभर गेला. ते पुढे येईलच.

१९८५ मध्ये आई-वडील वेगळे झाले. वडील घरातून गेले आणि दोन मुलांचा सगळा भार टपाल खात्यातल्या एका पगारावर आला. हा पहिला घाव. ज्या वयात पोराला बापाच्या हाताची गरज असते, नेमक्या त्याच वयात तो हात सुटला. आठवी झाल्यावर नासिरने शाळाही सोडली. त्या भागातल्या शाळा मुलांना घडवण्यापेक्षा त्यांना हिणवण्यातच तरबेज होत्या, असं बाप-लेक दोघांचंही मत. पण शाळा सुटली तरी वाचन सुटलं नाही. घरातली पुस्तकं तिथेच होती. आफ्रिकेचा इतिहास, इजिप्त, धर्मग्रंथ, जे हाताला लागेल ते तो वाचत गेला.

बाप सोडून गेलेल्या मुलांच्या मनात एक अढी बसते आणि ती सहसा जन्मभर जात नाही. अशी मुलं एक तर बापाचं नाव टाकतात, नाहीतर बापाची प्रत्येक गोष्ट टाकतात. नासिरने बापाचं संगीत टाकलं नाही. १९९४ मध्ये त्याचा पहिला अल्बम आला तेव्हा त्यातल्या एका गाण्याच्या शेवटी त्याने वडिलांना बोलावलं. वीस वर्षांचा मुलगा आणि त्याचा मित्र एझी आयुष्य किती बेभरवशाचं आहे ते सांगून गप्प होतात आणि मग ऑलू दारांचं कॉर्नेट सुरू होतं. त्यात दिखाऊ कसरत नाही. एक माणूस संथपणे, जणू मुलांच्या बोलण्याला होकार देत वाजवत राहतो आणि गाणं हळूहळू विरत जातं. ज्याने घर सोडलं होतं, त्याला मुलाने स्वतःच्या पहिल्या अल्बममध्ये जागा दिली.

हे एकदाच घडलं नाही. १९९८ मध्ये, वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या मैफिलींत साथ केल्यावर, ऑलू दारांचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला; त्यात एका गाण्यात मुलगा होता. २००२ मध्ये आई कर्करोगाने गेली. तिच्यासाठी नाझने जे गाणं केलं त्यातही कॉर्नेट वडिलांचंच. २००४ मध्ये बाप-लेकांनी मिळून एक अख्खं गाणं केलं, ब्लूजपासून रॅपपर्यंत पोहोचलेल्या आपल्या घराण्याचं. घर मोडलं ते मोडलंच. पण मोडलेल्या घरातून जे वाचवण्यासारखं होतं ते मुलाने वाचवलं.

आता गल्लीत येऊ. नासिर वयात येत होता त्याच वर्षांत न्यूयॉर्कमध्ये क्रॅक पसरलं. कोकेनपासून केलेला, ओढायचा, काही डॉलरना मिळणारा नशेचा खडा. तो विकायला दुकान लागत नाही, भांडवल लागत नाही, कॉलेजची पदवी लागत नाही. इमारतीचा जिना आणि पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा, एवढ्यावर धंदा उभा राहतो. धंद्यापाठोपाठ जागेची भांडणं आली आणि भांडणांपाठोपाठ बंदुका आल्या. १९९० या एका वर्षात न्यूयॉर्क शहरात २,२४५ खून झाले. सरकारने उपाय काढला तो कायद्याचा. १९८६ च्या केंद्रीय कायद्यानुसार पाच ग्रॅम क्रॅक सापडलं तरी किमान पाच वर्षांची शिक्षा. तेवढ्याच शिक्षेसाठी कोकेनची पूड मात्र पाचशे ग्रॅम लागायची. पूड ओढणारे बहुतेक पैसेवाले, क्रॅकसाठी पकडले जाणारे बहुतेक गरीब आणि काळे. वस्त्याच्या वस्त्या तरण्या मुलांविना झाल्या. काही स्मशानात गेली, काही तुरुंगात. जी मागे राहिली त्यांच्यासमोर नाक्यावरची वाट सदोदित उघडी होती. नासिरही त्या वाटेच्या तोंडाशी उभा राहून आलेला आहे.

पण याच वसाहतीत दुसरीही एक वाट होती. क्वीन्सब्रिजमध्येच राहणारा मार्ली मार्ल नावाचा तरुण ध्वनिमुद्रणाची यंत्रं जमवून नवेच ताल बांधत होता. एमसी शॅन, रोक्सॅन शांते ही वसाहतीतली मुलं-मुली त्या तालांवर बोलून रेडिओवर ऐकू येऊ लागली होती. आपल्याच जिन्यावरून उतरणारा माणूस रेडिओवर बोलू शकतो, हे पोरांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं. मोठ्यांच्या शंभर उपदेशांनी जे साधत नाही ते अशा एका उदाहरणाने साधतं.

नासिरच्या वरच्याच मजल्यावर विली ग्रॅहम राहायचा. सगळे त्याला ‘इल विल’ म्हणत. विलीकडे टर्नटेबल होती, रेकॉर्ड होत्या, मायक्रोफोन होता. विली वाजवायचा आणि नासिर वहीत लिहिलेलं बोलायचा. दोघांची शाळा ती आणि तालीमही तीच. पुढे क्वीन्समधल्याच लार्ज प्रोफेसर या निर्मात्याने पोराची धार ओळखली. त्या काळचा रॅपमधला मोठा गुरू म्हणजे राकिम. राकिमसाठी स्टुडिओ घेतलेला असायचा. तो येईपर्यंतचा रिकामा वेळ लार्ज प्रोफेसर नासिरला देऊन टाकायचा. मोठ्या गवयाच्या बैठकीआधी त्याच्या रिकाम्या गादीसमोर बसून पोराने गळा साफ करून घ्यावा, तसं चाललं होतं. १९९१ मध्ये लार्ज प्रोफेसरच्या ‘मेन सोर्स’ या गटाच्या एका गाण्यात नासिरला एक कडवं मिळालं आणि न्यूयॉर्कभर विचारणा सुरू झाली, हा पोरगा कोण?

आणि मे १९९२ मध्ये विलीला गोळी लागली. वसाहतीतच, एका भांडणात. विली गेला. त्याच रात्री जंगललाही गोळी लागली, तो वाचला. म्हणजे एका रात्रीत जिवाभावाचा मित्र गेला आणि पाठचा भाऊ दवाखान्यात. नासिरचं वय अठरा.

अशा रात्रीनंतर वस्तीचे डोळे एकाच माणसाकडे लागलेले असतात. तू काय करणार? हा प्रश्न कुणी तोंडाने विचारत नाही, पण जिन्यात, नाक्यावर, दुकानाच्या रांगेत तो विचारलेलाच असतो. उत्तर दिलं नाहीस तर तू भित्रा. उत्तर दिलंस तर मर्द, आणि मग तुरुंगात, नाहीतर विलीच्या शेजारी. सूड म्हणजे सावकाराचं कर्ज आहे. घेणारा एकदाच घेतो. व्याज मात्र त्याचा भाऊ, त्याची आई, त्याची पोरं फेडत बसतात. अठराव्या वर्षी हा हिशोब कुणाला सुचत नाही. नासिरला सुचला, की आईच्या चेहऱ्याकडे पाहून पाऊल थांबलं, की वही हातात होती म्हणून वाचला, ते त्याचं त्याला ठाऊक. त्याने काय केलं ते मात्र सगळ्यांसमोर आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याचं पहिलं स्वतःचं गाणं आलं आणि त्यात विलीचं नाव होतं. एमसी सर्च या रॅपरने त्याचं काम हाती घेऊन कंपन्यांचे उंबरे झिजवायला सुरुवात केली. डेफ जॅम या रॅपमधल्या बड्या कंपनीने नकार दिला. कोलंबियाने होकार दिला. १९ एप्रिल १९९४ ला ‘इल्मॅटिक’ हा अल्बम बाजारात आला. सगळा मिळून चाळीस मिनिटांचाही नाही. मुखपृष्ठावर तो सात वर्षांचा मुलगा, आणि त्याच्या चेहऱ्यातून आरपार दिसणाऱ्या क्वीन्सब्रिजच्या इमारती.

डीजे प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप, लार्ज प्रोफेसर, एल.ई.एस. या उत्तमोत्तम मंडळींनी त्याला ताल बांधून दिले. एका नवख्यासाठी एवढे निर्माते एकत्र येणं त्या काळी नवलाचं होतं. पण त्याहून मोलाचं म्हणजे त्या तालांवर पोराने काय सांगितलं. त्यातलं एक गाणं जवळून पाहण्यासारखं आहे. ते गाणं म्हणजे तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रं. तुझ्या पोराचा चेहरामोहरा कुणावर गेलाय, बाहेर कोण कुणाशी फिरतंय, कोण पकडला गेला, कोण गेला, अशी साधी खबरबात. पत्रात असते तशीच. शेवटच्या कडव्यात पत्र लिहिणारा स्वतःच बाहेर पडतो आणि वसाहतीतल्या बाकावर त्याला बारा वर्षांचा एक मुलगा भेटतो. बारा वर्षांचा, पण बोलणं चाळिशीतल्या गुंडाचं. धंद्यात उतरलेला, बंदुकीची भाषा करणारा. सांगणारा त्याच्या शेजारी बसतो, त्याचं ऐकून घेतो, शहाणपणाचे चार शब्द सांगतो आणि उठतो. आवाज चढत नाही, कीर्तन होत नाही. पण ऐकणाऱ्याला समजतं की विलीला मारणारा हातही कधीतरी असाच बारा वर्षांचा होता. बदला घेणाऱ्याला हे दिसत नाही. लिहिणाऱ्याला दिसतं.

या गाण्यांत शिव्या आहेत. स्त्रियांविषयी अनुदार, काही ठिकाणी लाज वाटावी असे शब्द आहेत. त्याचं समर्थन करू नये. पण शिवी ऐकून कान बंद केले तर शिवीच्या पलीकडचं माणूसपणही ऐकू येत नाही, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला, तेव्हा कामाठीपुऱ्याची भाषा मराठी कवितेत आली आणि पांढरपेशा वाचक हादरला. त्याच साली ढसाळ आणि त्यांच्या मित्रांनी उभ्या केलेल्या दलित पँथरने आपलं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथरवरून. ज्यांच्या वस्तीवर इतरांनी अहवाल लिहायचे, त्यांनी स्वतः लिहायला घेतलं की भाषा बदलतेच. क्वीन्सब्रिज असो की कामाठीपुरा, आपल्या गल्लीची साक्ष आपणच द्यायची असते.

‘इल्मॅटिक’ पहिल्या दिवसापासून धो-धो खपला असं नाही. बाजारात यायच्या आधीच त्याच्या चोरट्या कॅसेट शहरभर फिरत होत्या. ‘द सोर्स’ या रॅपच्या मासिकाने त्याला पाच मायक दिले, म्हणजे त्यांच्याकडचा सर्वोच्च मान. तरी पाच लाख प्रतींचा पल्ला गाठायला १९९६ उजाडलं आणि दहा लाखांसाठी २००१. चांगल्या कामाला वेळ लागतो, आणि तो वेळ देण्याचं धैर्यही लागतं.

त्या अल्बमसाठी वसाहतीतल्या दोस्तांसह काढलेला एक फोटो आहे. २०१४ मध्ये या अल्बमवर एक माहितीपट निघाला. त्यात जंगल तो जुना फोटो समोर घेऊन एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत सांगतो: हा आत आहे, याला इतकी वर्षं झाली, याच्यावर खटला चालू आहे. बोट पुढे सरकत राहतं. गोळी लागूनही जो वाचला, तो भाऊ हे सांगतोय. ‘गल्लीतून आला, मोठा झाला’ असं म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर पाहावा. एक जण पुढे आला म्हणजे गल्ली सुधारली असं होत नाही. फोटोतली बाकीची मुलं नाझपेक्षा कमी अकलेची होती असंही नाही.

तिसरा घाव यशाच्या काळातला. तो समजून घ्यायचा तर आधी १९९६ आठवायला हवं. त्या वर्षी अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या रॅपरांमध्ये वैर पेटलं होतं. टुपाक शकूर याने गाण्यांतून अनेकांचा उद्धार केला. नाझलाही त्याने सोडलं नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कमध्ये दोघं आमनेसामने आले. भोवती दोन्हीकडची माणसं, वातावरण तापलेलं. आणि तिथे ते दोघं बोलले. गैरसमज होता तो मिटवू, असं ठरलं. काही दिवसांतच लास वेगासमध्ये टुपाकवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि १३ सप्टेंबरला, पंचविसाव्या वर्षी, तो गेला. मार्च १९९७ मध्ये लॉस एंजलिसला न्यूयॉर्कचा रॅपर नोटोरियस बी.आय.जी. मारला गेला, चोविसाव्या वर्षी. आपल्या काळातले दोन सर्वांत मोठे आवाज सहा महिन्यांत बंद झाले.

ही राख गरम असतानाच २००१ उजाडलं. ब्रुकलिनच्या मार्सी हाउसेस या तशाच सरकारी वसाहतीतून वर आलेला जे-झी तेव्हा शिखरावर होता. सप्टेंबरमध्ये आलेल्या त्याच्या ‘द ब्लूप्रिंट’ या अल्बममध्ये एका गाण्यात त्याने नाझची नाव घेऊन खिल्ली उडवली: तुझा एकच अल्बम चांगला, बाकी सगळं वाया. हे बोलणं झोंबलं, कारण असं म्हणणारे इतरही होते. पहिल्या अल्बमनंतरची नाझची काही कामं खरोखरच सुमार मानली जात होती. आता भर चौकात अपमान झाला होता, आणि हाताशी पैसा आणि पाठीशी माणसं दोन्ही होती. पाच वर्षांपूर्वी याच रस्त्याने दोन मुडदे पडले होते.

डिसेंबरमध्ये नाझचं उत्तर आलं. गाणंच. तेही सोज्वळ नव्हतं. त्यातले काही शब्द गलिच्छ होते. पण ते उत्तर इतकं धारदार होतं की रस्त्यारस्त्यावर त्याची चर्चा झाली. जे-झीने त्यावर रेडिओवरून आणखी एक गाणं सोडलं आणि त्यात नाझच्या घरापर्यंत, त्याच्या मुलीच्या आईपर्यंत गेला. मग जे घडलं ते फार सुंदर आहे. जे-झीच्या आईने, ग्लोरिया कार्टर यांनी, लेकाला बजावलं: हे अति झालं, माफी माग. आणि तेव्हाचा सर्वांत मोठा रॅपर रेडिओवर आला आणि त्याने माफी मागितली. आईच्या शब्दाला लेकाने मान दिला, यात त्याचा कमीपणा झाला नाही. पुढच्याच वसंतात नाझची स्वतःची आई गेली.

ऑक्टोबर २००५ मध्ये न्यू जर्सीत जे-झीचा मोठा कार्यक्रम होता. कार्यक्रमाचं नावच युद्धाची घोषणा करणारं. लोक जमले ते आज कुणाचा पंचनामा होणार हे पाहायला. शेवटी जे-झीने मंचावर नाझला बोलावलं. दोघांनी हात मिळवले आणि सोबत गायले. दुसऱ्याच वर्षी नाझ डेफ जॅममध्ये दाखल झाला. चौदा वर्षांपूर्वी त्याला नाकारणारी हीच ती कंपनी. आता तिचा अध्यक्ष जे-झी होता. त्या वर्षीच्या नाझच्या अल्बममध्ये दोघांचं एकत्र गाणं आहे. शब्दांनी सुरू झालेलं भांडण शब्दांतच राहिलं, म्हणून ते मिटवायला दोघंही जिवंत होते.

पुढचं सगळं कीर्तीचं आहे, ते थोडक्यात सांगतो. २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात हिप-हॉपच्या अभ्यासासाठी नासिर जोन्स यांच्या नावाने पाठ्यवृत्ती सुरू झाली; आठवीनंतर शाळा सोडलेल्या मुलाचं नाव विद्वानांच्या अर्जावर आलं. २०१४ मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये राष्ट्रीय सिंफनी वाद्यवृंदाच्या साथीने त्याने ‘इल्मॅटिक’ सादर केला. २०२१ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्राने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांत त्या अल्बमची नोंद केली. त्याच वर्षी, कितीतरी नामांकनं हुकल्यावर, त्याला पहिलं ग्रॅमी मिळालं. तेव्हा तो सत्तेचाळीस वर्षांचा होता. आणि १४ सप्टेंबर २०२३ ला, पन्नासाव्या वाढदिवशी, त्याने नवा अल्बम काढला. हिट-बॉय या निर्मात्याबरोबरचा तीन-चार वर्षांतला तो सहावा. विलीच्या नावाने त्याने आपल्या कंपनीचं नाव ‘इल विल रेकॉर्ड्स’ ठेवलं. जो मित्र तिशीही पाहू शकला नाही, त्याचं नाव तबकड्यांवर छापलं गेलं.

या गोष्टीचा एक धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. अंधेरीच्या जे. बी. नगरमध्ये वाढलेला विवियन फर्नांडिस, म्हणजे डिव्हाइन, आणि कुर्ल्याचा नावेद शेख, म्हणजे नेझी, यांनी २०१५ मध्ये आपल्या गल्लीचं गाणं केलं. त्यांच्या आयुष्यांवरून सुचलेला झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ २०१९ मध्ये आला, तेव्हा त्याच्या कार्यकारी निर्मात्यांत नाझचं नाव होतं. त्याच वर्षी त्याच्या ‘मास अपील’ या कंपनीची भारतीय शाखा निघाली आणि तिने करारबद्ध केलेला पहिला कलाकार होता डिव्हाइन. क्वीन्सब्रिजच्या वहीतलं पान असं अंधेरीच्या गल्लीत पोहोचलं. आज धारावीपासून विदर्भातल्या तालुक्याच्या गावापर्यंत पोरं मोबाइलवर ताल लावून आपापल्या बोलीत रॅप लिहितात. त्यात वायफळ पुष्कळ आहे, नक्कलही पुष्कळ आहे. पण त्यातच कुणीतरी असा असतो ज्याच्या घरातून बाप गेलाय, ज्याचा मित्र गेलाय, ज्याचा वर्गात सगळ्यांसमोर पाणउतारा झालाय.

नाझ संत नाही. त्याला देव्हाऱ्यात बसवण्याची गरज नाही आणि त्याच्यासारखी शाळा सोडण्याची तर मुळीच नाही. त्याच्यामागे पुस्तकांनी भरलेलं घर आणि खपणारी आई होती, हे विसरू नये. त्याच्याकडून घ्यायची ती एकच गोष्ट. बापाचा राग त्याने बापावर काढला नाही, त्याला सुरात सामावून घेतलं. मित्राचं रक्त त्याने रक्ताने धुतलं नाही, त्याचं नाव लिहून ठेवलं. अपमानाला त्याने उत्तर दिलं, पण समेटाची वेळ आली तेव्हा हात आखडला नाही.

तात्पर्य असं की, घाव कुणाकडून बसावा हे माणसाच्या हातात नसतं. तो पुढे कुणाला द्यायचा नाही, हे त्याच्या हातात असतं. आणि त्यासाठी नुसतं मन मोठं असून भागत नाही. हाताला काम लागतं, रोज बसून घासायची एखादी कला लागते. राग आवरा असं पोरांना सांगणारे खूप आहेत. राग ठेवायला जागा देणारे थोडे आहेत. तेव्हा तुमच्या चाळीत, तुमच्या वर्गात, तुमच्या घरात एखादं पोरगं कोपऱ्यात बसून काहीबाही लिहीत असेल, पुटपुटत असेल, बाकावर ताल धरत असेल, तर त्याला हटकू नका. त्याला एक वही आणून द्या, आणि त्याने वाचून दाखवलं तर शेवटपर्यंत ऐकून घ्या.